पिल्लू तलंग होणार की कोंबडा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी पाळलेल्या पिल्लांमधील नर कोणते आणि मादी कोणत्या, याविषयी पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सर्व वये पिल्लू अंड्यातून बाहेर आल्याच्या दिवसापासून मोजली आहेत आणि अंड्यावर येण्यापूर्वीच्या तरुण मादीला ‘तलंग’ म्हटले आहे. ज्यांची पिल्ले तीन महिन्यांची झाली आहेत, त्यांनी प्रश्न ३ आधी वाचावा.

१. पिल्लू नर आहे की मादी, हे नक्की कोणत्या वयात कळते?

याचे उत्तर जातीवर अवलंबून आहे. काही ठरावीक संकर पहिल्याच दिवशी रंगावरून ओळखता येतात (प्रश्न ५). बाकीच्यांत, लेगहॉर्नसारख्या हलक्या आणि एकेरी तुऱ्याच्या जातींचे नर चौथ्या ते सहाव्या आठवड्यात लक्षात येऊ लागतात, तर ब्रह्मासारख्या थोराड आणि सावकाश वाढणाऱ्या जातींत तिसरा महिना उलटला तरी संशय राहू शकतो. बहुतेक जातींत बाराव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान पिसांवरून खात्री होते. त्याआधीचा प्रत्येक निष्कर्ष हा अंदाज समजावा. एखादे पिल्लू ‘कोंबडाच निघणार’ म्हणून सहाव्या आठवड्यात देऊन टाकणारे पुष्कळ जण चांगली तलंग गमावतात, म्हणून बारा आठवडे पूर्ण होण्याआधी असा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२. तुऱ्यावरून कसे ओळखायचे? माझ्या एका पिल्लाचा तुरा लाल आहे, म्हणजे तो कोंबडाच का?

तुरा आणि चोचीखालच्या लोंबत्या मांसल पाळ्या नरात लवकर वाढतात, कारण त्यांची वाढ वृषणांतून स्रवणाऱ्या संप्रेरकावर अवलंबून असते. मात्र ‘लाल’ या एका शब्दाने काम भागत नाही. तुरा कोणत्या वयात लाल झाला, हे पाहावे लागते. सहा-सात आठवड्यांच्या पिल्लाचा तुरा रुंद, जाड आणि गडद गुलाबी ते लाल झाला असेल आणि त्याच जातीच्या, त्याच वयाच्या भावंडांचे तुरे पिवळसर व बारीक असतील, तर ते पिल्लू नर असण्याची शक्यता खूप जास्त असते. उलट, चार-साडेचार महिन्यांच्या पक्ष्याचा तोवर फिका असलेला तुरा दोन-तीन आठवड्यांत भरून लालभडक झाला, तर बहुधा ती तलंग अंड्यावर येत आहे. नेमक्या याच वेळी अनेकांचा गोंधळ होतो आणि अंडी सुरू होण्याच्या तोंडावर असलेल्या पक्ष्याला कोंबडा ठरवले जाते.

तुलना नेहमी एकाच जातीच्या आणि एकाच वयाच्या पिल्लांत करावी. लेगहॉर्न तलंगेचा तुरा मोठा होऊन एका बाजूला कलतो, म्हणून ती वायनडॉट जातीच्या कोंबडीशेजारी उभी असली की उगाचच कोंबड्यासारखी वाटते. गुलाब तुरा, वाटाणा तुरा असे बसके प्रकार असलेल्या जातींसाठी प्रश्न ११ पाहावा.

३. सर्वांत भरवशाची खूण कोणती?

शेपटीच्या मुळापुढे, कमरेच्या दोन्ही बाजूंना येणारी पिसे. घरच्या घरी करता येणाऱ्या तपासण्यांत याहून खात्रीची दुसरी खूण मला माहीत नाही, म्हणून ती नीट समजून घेणे महत्त्वाचे आहे.

पिल्लाला प्रथम येणाऱ्या पिसांत नर-मादी असा फरक नसतो आणि त्या पिसांची टोके दोघांतही थोडी निमुळतीच असतात. त्यामुळे आठ आठवड्यांच्या आत ‘मानेची पिसे टोकदार दिसतात’ या निरीक्षणाला फारसा अर्थ नाही. पुढे ही पिसे गळून नवी येऊ लागतात, तेव्हा साधारण दहाव्या ते चौदाव्या आठवड्यात नराच्या कमरेवर अरुंद, लांबट आणि टोकाला अणकुचीदार अशी पिसे उगवतात. सुरुवातीला ती चार-सहाच असतात आणि जुन्या मळकट, रुंद पिसांमध्ये लपलेली असतात. पक्ष्याला मांडीवर घ्यावे, उजेडाकडे पाठ करावी आणि बोटाने शेपटीकडून पाठीकडे पिसे उलटी सारत जावे. नवे पीस आढळले की त्याच्या कडेकडे पाहावे. नराच्या पिसाच्या कडेचे तंतू एकमेकांत अडकलेले नसतात, त्यामुळे कडेला झालरीसारखा मोकळा, चकचकीत पट्टा दिसतो. मादीच्या त्याच जागच्या पिसाचे टोक गोलसर असते, कड घट्ट विणलेली असते आणि चमक कमी असते. असे एकच पीस स्पष्ट दिसले तरी बहुतेक जातींत प्रश्न सुटतो. मानेवरची पिसेही याच सुमारास बदलतात, पण मादीच्या मानेवरची पिसेसुद्धा काही प्रमाणात निमुळती असल्याने तेथे फसगत होते. कमरेवर ती होत नाही.

त्यानंतर शेपटीची लांब, कोयत्यासारखी वळणारी पिसे येतात. ती आल्यावर तपासणीची गरजच उरत नाही.

या खुणेला अपवाद असलेल्या मोजक्या जाती प्रश्न ११ आणि १२ मध्ये दिल्या आहेत.

४. एक दिवसाच्या पिल्लाचा पंख उघडून नर-मादी सांगता येते, हे खरे आहे का?

खरे आहे, पण त्यासाठी खास जुळवलेले आईबाप लागतात. पिल्लाच्या पंखाच्या कडेला पिसांच्या दोन रांगा असतात: खालची मुख्य पिसे आणि त्यांच्या मुळाशी असलेली आच्छादक पिसे. पिसे सावकाश फुटण्याचा एक प्रभावी (म्हणजे एकच प्रत असली तरी गुण दाखवणारा) जनुक झेड गुणसूत्रावर असतो. कोंबडीत दोन झेड असलेले पिल्लू नर होते, तर एक झेड आणि एक डब्ल्यू असलेले मादी. आई सावकाश पिसे फुटणारी आणि बाप लवकर पिसे फुटणारा असेल, तर आईचा एकुलता झेड फक्त मुलग्यांकडे जातो. म्हणून मुलगे सावकाश पिसे फुटणारे आणि मुली लवकर पिसे फुटणाऱ्या निघतात. अशा घाण्यात (एकाच वेळी उबवलेल्या पिल्लांच्या खेपेत) मादीची मुख्य पिसे आच्छादक पिसांहून ठळकपणे लांब असतात, तर नराच्या दोन्ही रांगा सारख्या असतात किंवा मुख्य पिसेच आखूड असतात. हा फरक पहिल्या एक-दोन दिवसांतच पाहावा लागतो, कारण पुढे तो पुसट होतो.

घरच्या कळपात मात्र आईबापांपैकी कोणात कोणता जनुक आहे हे सहसा ठाऊक नसते. दोघेही लवकर पिसे फुटणारे असतील, तर सगळ्याच पिल्लांचे पंख ‘मादीसारखे’ दिसतात आणि पाळणारा आनंदाने बारापैकी बारा तलंगा मोजतो. जुळवणी माहीत नसेल, तर ही पद्धत वापरू नये.

५. रंगावरून पहिल्याच दिवशी ओळखता येणारी पिल्ले कोणती?

येथेही तत्त्व प्रश्न ४ मधलेच आहे, फक्त जनुक रंगाचा असतो. ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा आणि लाइट ससेक्सची कोंबडी यांच्या पिल्लांत मुलगे फिके पिवळसर आणि मुली तांबूस निघतात. जोडी उलटी केली, म्हणजे ससेक्सचा कोंबडा आणि ऱ्होड आयलंडची कोंबडी घेतली, तर हा फरक मिळत नाही. दुसरी जोडी ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा आणि पट्टेरी प्लिमथ रॉकची कोंबडी अशी आहे. यात सर्व पिल्ले काळी असतात, पण मुलग्यांच्या डोक्यावर पांढुरका ठिपका असतो आणि मोठेपणी त्यांच्या अंगावर पट्टे येतात.

अशा संकरित पक्ष्यांचे आपापसांत प्रजनन केले, तर पुढच्या पिढीत रंगाचा हा नियम टिकत नाही. ‘आईबाप रंगावरून ओळखू आले, मग पिल्ले का येत नाहीत?’ या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

पिढ्यान्‌पिढ्या रंगावरून ओळखू येतील अशा शुद्ध जातीही आहेत. केंब्रिज येथे रेजिनल्ड पनेट आणि मायकेल पीझ या आनुवंशशास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस या दिशेने काम सुरू केले आणि त्यातून पुढे लेगबारसारख्या जाती तयार झाल्या. पट्ट्यांचा जनुक नरात दोनदा आणि मादीत एकदाच येतो, त्यामुळे नर पिल्लू फिके, विस्कटलेल्या रंगाचे दिसते आणि मादीच्या पाठीवरची गडद पट्टी ठसठशीत राहते. वेल्समर आणि तपकिरी लेगहॉर्न यांच्या पिल्लांतही मादीच्या डोळ्यामागची काजळासारखी रेघ नराच्या रेघेपेक्षा स्वच्छ असते, पण तेथे चुकण्याला थोडा वाव आहे.

६. उबवणी केंद्रात पिल्लाचे गुदद्वार तपासतात. ते घरी करावे का?

करू नये. ही पद्धत जपानमध्ये १९२० च्या दशकात कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली आणि नंतर जगभर पोहोचली. एक दिवसाच्या पिल्लाच्या गुदद्वाराच्या आत टाचणीच्या टोकाएवढा उंचवटा असतो. त्याचा आकार, टणकपणा आणि चमक पाहून नर-मादी ठरवतात. अडचण अशी की हा उंचवटा अनेक मादी पिल्लांतही दिसतो आणि नेमका फरक समजायला दीर्घ प्रशिक्षण लागते. शिवाय त्या वयात पिल्लाच्या पोटात न शोषलेला बलक शिल्लक असतो. अननुभवी हाताने दाबले, तर आतली इजा होऊन पिल्लू दगावू शकते. चार महिने थांबल्याने जे आपोआप कळणार आहे, त्यासाठी पिल्लाच्या जिवाशी खेळणे मला मान्य नाही.

७. टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते का?

नाही. हाच नियम उलटाही सांगितला जातो, यावरूनच त्याचा भरवसा कळतो. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेवर अवलंबून असतो आणि एक कोंबडी सहसा एकाच घडणीची अंडी घालते; ती टोकदार अंडी घालणारी असेल, तर तिच्या त्याच अंड्यांतून नर आणि मादी दोन्ही निघतात. दोऱ्याला बांधलेली सुई किंवा अंगठी अंड्यावर धरून ती गोल फिरते की सरळ झुलते हे पाहणे, किंवा पिल्लाला मानेने उचलून ते पाय सोडते की पोटाशी घेते हे पाहणे, या प्रकारांनाही काही आधार नाही. नर आणि मादी सुमारे निम्मे-निम्मे निघत असल्याने कोणतीही पद्धत निम्म्या वेळा ‘बरोबर’ ठरतेच, आणि बरोबर आलेल्या वेळाच लोकांच्या लक्षात राहतात.

८. उबवणी यंत्राचे तापमान बदलून जास्त माद्या मिळवता येतील का?

नाही. काही कासवांत आणि मगरींत तापमानावर लिंग ठरते, कोंबडीत ठरत नाही. झेड की डब्ल्यू हे कोंबडीच्या शरीरात अंडे तयार होतानाच ठरलेले असते. तापमानाशी खेळण्याचा परिणाम एवढाच की पिल्ले कमी आणि अशक्त निघतात.

९. मग अंड्यातच नर-मादी ओळखणे अशक्य आहे का?

घरी अशक्य आहे. बॅटरीच्या उजेडात धरलेल्या अंड्यात गर्भाची वाढ दिसते, लिंग दिसत नाही. मोठ्या उद्योगात मात्र कवचातून सूक्ष्म प्रमाणात द्रव काढून संप्रेरक तपासणे, किंवा तपकिरी अंड्यांच्या संकरांत तेराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या पिसांचा रंग प्रकाशाच्या साहाय्याने ओळखणे, अशी तंत्रे वापरात आली आहेत. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून अंड्यांच्या जातींतील नर पिल्ले मारण्यावर बंदी घातली आणि त्यामुळे या तंत्रांना वेग आला.

१०. माझे पिल्लू आरवले. आता शंका उरली का?

थोडीशी उरतेच. बहुतेक कोंबडे तीन ते चार महिन्यांत आरवू लागतात, काही सहाव्या आठवड्यातच घोगरा, अर्धवट सूर काढतात. दोन-तीन महिन्यांचे पिल्लू मान ताणून रोज आरवत असेल आणि त्याचा तुराही मोठा असेल, तर तो कोंबडा आहे असे धरून चालावे. मात्र क्वचित वयस्क कोंबडीही आरवते, विशेषतः कळपात कोंबडा नसताना किंवा तिच्या बीजांडकोशात बिघाड झाल्यावर (प्रश्न १४). उलट, कळपात वरचढ कोंबडा असेल, तर दुय्यम तरुण नर बरेच दिवस गप्प राहू शकतो. म्हणून ‘आरवत नाही, म्हणजे मादी’ असे कधीही म्हणू नये. अंडे घालणारी कोंबडी मोठ्याने कलकलाट करते, तो आवाजही नवख्या कानाला आरवण्यासारखा वाटू शकतो.

११. ज्यांचा तुरा बसका आहे, अशा जातींत काय पाहावे?

वाटाणा तुरा असलेल्या ब्रह्मासारख्या जातींत तुऱ्याच्या उंचीपेक्षा रुंदी आणि रंग महत्त्वाचे असतात. नराच्या तुऱ्यावर तीन रांगा लवकर वेगळ्या दिसू लागतात आणि मधली रांग फुगीर व लालसर होते. मादीत ती बराच काळ एकच बारीक, पिवळसर रेघ वाटते. थोराड जातींत आणखी एक उपयोगी निरीक्षण म्हणजे पिसे भरण्याचा वेग: चार ते सहा आठवड्यांच्या नराची पाठ आणि खांदे अनेकदा उघडे राहतात आणि शेपटी खुंटासारखी असते, तर त्याच वयाची बहीण पाठीवर व्यवस्थित झाकलेली असते.

सिल्की जातीने भल्याभल्यांना चकवले आहे. तिचा तुरा गडद रंगाचा आणि गाठीसारखा असतो, पिसे लोकरीसारखी असल्याने प्रश्न ३ मधली कमरेची खूणही नीट उमटत नाही. तेथे डोक्यावरचा शेंडा पाहावा: मादीचा गोल, भरीव गोंड्यासारखा असतो, नराच्या शेंड्यातून मागे वळलेल्या लांब बटा निघतात. तरीही पाच-सहा महिने वाट पाहण्याची तयारी ठेवावी.

१२. कमरेची पिसे गोल असूनही पक्षी कोंबडा असू शकतो का?

हो, सीब्राइट आणि काही कँपाइन पक्ष्यांत. मादीसारखी गोल पिसे इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे येतात. या जातींतील नरांच्या त्वचेत नर संप्रेरकाचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये होते आणि पिसे कोंबडीसारखीच राहतात. त्यांच्यात तुऱ्याचा आकार, आरवणे आणि वागणे यांवरून ठरवावे.

१३. जाड पाय, पायामागचा काटा आणि भांडखोरपणा यांवरून काही कळते का?

स्वतंत्रपणे नाही. नरांचे पाय साधारणपणे जाड असतात, पण एका घाण्यातही लहान-मोठी पिल्ले असतातच. पायामागच्या काट्याचा बारीक उंचवटा लहानपणी दोघांनाही असतो आणि वयस्क माद्यांनाही काटे फुटतात. दोन-तीन आठवड्यांची पिल्ले छाती काढून एकमेकांवर झेपावतात, त्यांत मादीही तितक्याच उत्साहाने उतरते, कारण कळपातली पायरी सर्वांनाच ठरवायची असते.

चार-साडेचार महिन्यांनंतरचे एक वागणे मात्र मोलाचे आहे. तुम्ही पाठीवर हात ठेवला की तलंग पंख किंचित पसरून जमिनीलगत दबून बसते. असे होऊ लागले की अंडे लवकरच अपेक्षित आहे. त्याच सुमारास गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या हाडांमधले अंतरही वाढते. आधी जेमतेम एक बोट मावणाऱ्या जागेत दोन-तीन बोटे मावतात.

१४. दोन वर्षे अंडी दिलेली कोंबडी आरवू लागली आणि तिला कोंबड्यासारखी पिसे आली. असे होऊ शकते का?

होऊ शकते, पण ते दुर्मीळ आहे. कोंबडीत साधारणपणे फक्त डावा बीजांडकोश कार्यरत असतो. आजाराने तो निकामी झाला, तर इस्ट्रोजेन घटते, उजवीकडचा अविकसित अवयव वाढू शकतो आणि पुढच्या पिसगळीनंतर नरासारखी पिसे येतात. तिची गुणसूत्रे मात्र मादीचीच राहतात. १४७४ मध्ये बासेल शहरात अंडे घातल्याच्या आरोपावरून एका ‘कोंबड्या’वर खटला चालवून त्याला जाळण्यात आले होते, ती बहुधा अशीच बदललेली कोंबडी असावी. असा बदल दिसला, तर मूळ आजार काय आहे हे पशुवैद्याकडून तपासून घ्यावे.

१५. ‘खात्रीने मादी’ म्हणून घेतलेल्या पिल्लांत कोंबडा निघाला. माझी फसवणूक झाली का?

तसे असेलच असे नाही. गुदद्वार तपासून वेगळ्या केलेल्या पिल्लांत कुशल माणसाच्या हातूनही काही टक्के चुका होतात, आणि अनेक उबवणी केंद्रे सुमारे ९० टक्के अचूकतेचीच हमी देतात. दहा ‘माद्यां’मध्ये एक नर निघणे यात बसते. घेण्यापूर्वी निवड कोणत्या पद्धतीने केली आणि नर निघाल्यास विक्रेता तो परत घेईल का, हे दोन प्रश्न विचारावेत. रंगावरून ओळखू येणाऱ्या संकरांत चूक सर्वांत कमी होते.

१६. थांबणे शक्यच नसेल, तर डीएनए चाचणी करता येते का?

करता येते, आणि ती पहिल्या दिवसापासून चालते. रक्ताचा एक थेंब, मुळासकट उपटलेली काही पिसे किंवा पिल्लू नुकतेच बाहेर आलेल्या कवचाच्या आतला पापुद्रा यांतून डब्ल्यू गुणसूत्र आहे की नाही, हे पाहिले जाते. प्रत्येक पिल्लासाठी हात धुऊन स्वच्छ चिमटा वापरावा, कारण एकाचे नमुने दुसऱ्यात मिसळले तर अहवाल चुकतो. पिल्लांच्या पायात रंगीत कडी घालून कडीचा रंग आणि पाकिटावरचा क्रमांक त्याच क्षणी लिहून ठेवावा. संपूर्ण घाण्यासाठी हा खर्च करण्यात अर्थ नाही; प्रजननासाठी राखायच्या एखाद-दुसऱ्या मौल्यवान पिल्लापुरता तो योग्य आहे.

१७. फोटोवरून कोणी सांगू शकेल का?

फोटो नीट असेल तर बऱ्याचदा सांगता येते. वरून काढलेला, पिल्लू पळत असतानाचा एकच फोटो निरुपयोगी असतो. तीन फोटो लागतात: पिल्लाच्या डोळ्याच्या पातळीवरून काढलेली डोक्याची एक बाजू, पूर्ण उभ्या पक्ष्याची बाजू आणि कमरेची पिसे सारून जवळून काढलेला तिसरा. प्रकाश दिवसाचा असावा, कारण पिवळ्या दिव्याखाली फिका तुराही लाल दिसतो. सोबत आठवड्यांतले वय आणि जात लिहावी. मिश्र पिल्लू असेल, तर आईबापांचे रंग लिहावेत. त्याच घाण्यातले दुसरे पिल्लू शेजारी उभे असेल, तर ओळखणाऱ्याचे काम निम्म्याने हलके होते.